सहीला दिलेली सावली

आमचे हे पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, सांगाल त्या. ज्या गाळ्यात बसून रंगवतात तो भाड्याचा, आणि मालकाने तो विकायला काढला होता. पै पै करून आम्ही त्याच्यापुरते पैसे जमवले. चार महिन्यांनी द्यायचे होते. तो गेला असता तर ह्यांचं काम रस्त्यावर आलं असतं.

तेवढ्यात माझ्या भावाच्या अंगात इंटरनेट संचारलं. विम्याचं काम सोडून तो ज्या नव्या कंपनीत लागला, ती घरबसल्या चपला विकायची. म्हणजे विकणार होती. शेअर मात्र रोज वर.

"ताई, पैसे नुसते पडून काय करणार? दुप्पट होतील," तो म्हणाला.

मी विरघळले. खोटं कशाला बोलू, मीच ह्यांच्यामागे भुणभुण लावली.

ह्यांनी शेअर घ्यायचा फॉर्म भरला. आठवड्यात परत, सही जुळत नाही म्हणून. जुळणार कशी? ह्या माणसाच्या हातात पेन आलं की त्याला चालू पाटी आठवते. दवाखान्याचं काम असलं की सही ताठ, केशकर्तनालयाचं असलं की वेलांट्यांना शेपट्या. दुसरा फॉर्मही परत आला. तिसऱ्या वेळी मी बँकेतून सहीचा नमुना आणला आणि समोर उभी राहिले. ह्यांनी हुबेहूब सही केली. मी जरा चहा ठेवायला वळले, तेवढ्यात ह्यांनी राहवेना म्हणून अक्षरांना सावली दिली.

तोही परत आला. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

पंधरवड्यात शेअर जो गडगडला तो थांबलाच नाही. कंपनीला टाळं लागलं. भावाने होतं नव्हतं ते त्यात घातलं होतं, तो आता पुन्हा विमा विकतो. आमचे पैसे बँकेत जिथल्या तिथे होते.

गाळ्याचे कागद झाले त्या दुपारी मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

"अहो, खरं सांगा," डोळे पुसत मी म्हटलं, "मुद्दाम चुकवलीत ना सही?"

हे ब्रश धूत होते. "नाही गं. उलट चौथा फॉर्म आणला होता, तुला न सांगता. रोज सकाळी सही गिरवत होतो. चांगली जमायला लागली होती."

"कुठाय तो?"

"त्या खणात."

मी उठले, फॉर्म काढला आणि आधी त्याचे तुकडे केले.