सुभद्राबाईचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे, पण किल्लीचं नव्हे. बोट टेकवलं की ते ओळखायचं आणि दार उघडायचं, हे माझं काम. सध्या मी खिळे-मोळे ठेवायच्या डब्यात पडलो आहे, आणि तिथेच बरा आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. २००८ साली दुबईत नोकरीला असलेल्या गुरुदासने मला विकत घेतलं आणि मालवणच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरी आणलं. घर कौलारू, दार जुन्या फणसाचं. नाकापेक्षा मोती जड, असं शेजारची काशीबाई म्हणाली, ते मला तेव्हा मुळीच आवडलं नाही. वाडीतली पोरं रांगेने बोटं टेकवून गेली. मी लाल दिवा लावला की ती खिदळायची. गुरुदासचं किंवा त्याच्या बायकोचं, अक्षदाचं, बोट आलं की हिरवा दिवा लागायचा. माझं भारी कौतुक झालं.

सगळे पांगल्यावर गुरुदासची आई सुभद्राबाई पुढे आली. तिच्या अंगठ्यावर मला काही दिसेचना. दहाही बोटं झाली. तिने लिंबू चोळलं, राख चोळली, पदराला पुसून पुसून बोटं लाल केली. मला हात असते तर मी ते टेकलेच असते. गुरुदास म्हणाला, होईल सवय. त्याने मागच्या दाराला आतून अडसर घातला, अडीनडीसाठी माझ्यासोबत आलेली एकुलती किल्ली आईच्या मासळीच्या टोपलीत हरवेल म्हणून स्वतःच्या बॅगेत टाकली आणि दुबईला निघून गेला. शहाणपण म्हणतात ते हेच.

मग रोज तेच. सुभद्राबाई बाजारात मासळी विकून दोन वाजता परत यायची. कट्टा गावच्या दवाखान्यात नर्स असलेली अक्षदा यायची साडेपाचच्या एसटीने. सुभद्राबाई एकदा अंगठा टेकवायची, मी लाल दिवा लावायचो, मग ती स्वतःच्याच घराच्या पायरीवर साडेतीन तास बसून राहायची. आत का जात नाहीस, असं काशीबाईने विचारलं तर म्हणायची, “वाऱ्यार बसलंय गो.” खरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. फोनवर गुरुदास उलट तिलाच शिकवायचा, “आये, बोट बरा पूस आनि मगे लाय.” मला असा वैताग यायचा की खारा वारा लागून एकदाचं बिघडावं. पण मी मेला मजबूत.

पुढच्या वर्षी गुरुदास रजेवर आला आणि एका सकाळी चुलतभावांबरोबर रापण ओढायला गेला. किनाऱ्यावरून ते मोठं जाळं ओढताना जो दोराला हात लावेल, त्याला मासळीचा वाटा मिळतो. दुबईत मऊ पडलेले हात ते, ओल्या दोराने बोटांची सालटी निघाली. दुपारी वाट्याचे बांगडे घेऊन तो ऐटीत दारात आला. बोट टेकवलं. लाल. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. किल्ली बॅगेत आणि बॅग घरात. पायरीवर आई बसलेलीच होती. तोही शेजारी बसला.

तास गेला, दुसरा गेला, बांगड्यांवर माश्या बसू लागल्या. त्याने मला दोन शिव्या हासडल्या, आपल्या बोटांवर फुंकर घातली, आणि कधी नव्हे ते आईचा हात ओढून घेऊन तिचा अंगठा उन्हात धरला.

“आये, हेच्यार रेषोच नाय गो.”

“होत्यो रे. वीस वर्सा सुंगटा सोललंय.”

कोळंबीच्या सालांनी आणि बर्फाने झिजवलेला तो अंगठा त्याने आपल्या सोललेल्या बोटांशेजारी धरून पाहिला. अक्षदा येईपर्यंत त्याने तो हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला उतरवलं आणि दाराला साधी कडी लावली. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्या हातांनी ते घर उभं केलं, त्यांनाच मी वर्षभर परकं म्हणत राहिलो, याची मात्र अजून लाज वाटते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, घरी नवी यंत्रं आणाल. जरूर आणा. पण ती लावण्याआधी आईचा हात एकदा उजेडात धरून पाहा. ती आपणहून काही दाखवणार नाही.