नापीक बागेतली डाळिंबं

वसीलाचं दुकान म्हणजे बागेच्या मातीच्या भिंतीला टेकवलेलं झावळ्यांचं छप्पर आणि खाली तीन टोपल्या. भिंतीपलीकडे बावीस खजुरी, त्यांच्या सावलीत डाळिंबं, डाळिंबांच्या सावलीत भाजी. अलीकडे शहर, बसगाड्यांचा धूर आणि नगरपालिका. पुढच्या टोपलीत ती नेहमी तडकलेली, डागाळलेली फळं मांडायची. चांगला माल पोत्याखाली, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी. यात लबाडी काही नव्हती. भरल्या बागेला दृष्ट लागते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "पीक कसंय?" याला सगळ्या बागांत एकच उत्तर होतं: "कसलं पीक नि कसलं काय!" खरं सांगणारा माणूस एकतर वेडा असे, नाहीतर फ्रान्सला कामाला जाऊन सुट्टीवर आलेला.

सप्टेंबरात नगरपालिकेचा नौफल आला. त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"खाला, बागांची नोंद चाललीय. पिकत्या बागेला कायद्यानं हात लावता येत नाही. नापीक असेल ती बस-आगाराला जाणार."

वसीलाला शब्दन् शब्द कळला. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून बाग हेच तिचं पोट, घर आणि गणगोत. ती खरं सांगणारच होती. तेवढ्यात पोतं घसरलं.

"अरे वा! केवढाली ही डाळिंबं!" नौफल म्हणाला, आणि तिथंच थांबला. पुढं दृष्ट टाळणारं 'माशाल्ला' म्हणाला नाही. नुसतं कौतुक, उघडंवाघडं. वसीलानं पोतं झटकन परत ओढलं.

"ही होय? ही बाजारातनं आणलीत, बाळा. माझ्या झाडांना कुठली एवढी!"

"बरं. हिवाळ्यातली गाजरं?"

"किडली."

"जर्दाळू?"

"मोहर वाऱ्यानं नेला."

"उन्हाळ्यातली मेंदी?"

"करपली."

"खजूर?"

"नर झाडानं दगा दिला. पुरुषाचीच जात ती."

नौफल हसला आणि लिहीत गेला. आत जाऊन बघायचं, तर नुकतंच पाणी सोडलेलं होतं आणि त्याचे बूट नवे होते. मग त्यानं शेजारच्या लझहरकाकांना विचारलं. वसीलाचं भलं व्हावं म्हणून काका दोन पावलं पुढे गेले: "बिचारी! तिच्या बागेत आता गवतसुद्धा धड उगवत नाही." पलीकडच्या बागेतली म्हातारी तर डोळ्यांना पदर लावून रडली. सरकारी कामात एवढं एकमत सहसा होत नाही.

ऑक्टोबरात नोटीस आली. बाग नापीक, दहा दिवसांत रिकामी करावी.

वसीला गाढवाच्या गाडीत डाळिंबं आणि खजुराचे घड लादून कचेरीत गेली. लझहरकाका सोबत होते, मान खाली घालून.

"साहेब, मी खोटं बोललो," काका म्हणाले.

"तेव्हा की आता?" नौफलनं विचारलं. तो कुचेष्टेनं विचारत नव्हता; अर्जात तसा रकाना होता.

"हे बघ ना बाळा, माझ्याच झाडांचं आहे!" वसीलानं टेबलावर डाळिंब ठेवलं.

"बाजारातनं आणता, असं तुमच्याच तोंडचं लिहिलंय, खाला. खाली अंगठा आहे."

"अरे, तू इथलाच ना? तुझी आई काय म्हणते पीक विचारल्यावर?"

नौफलनं डाळिंब तिच्याकडे परत सरकवलं. "काहीच नाही आलं म्हणते," तो हळूच म्हणाला. "पण तिची बाग माझ्या यादीत नाही. आणि तुमची फाईल राजधानीला गेली."

नवव्या दिवशी वसीलानं बाग उतरवली. पिकलेलं, कच्चं, सगळंच. लझहरकाका खजुरींवर चढून हिरवे घड कापत होते. जमिनीतून बोटाएवढी गाजरं निघाली. मेंदी मुळासकट आली. डाळिंबांचा ढीग छपराबाहेर रस्त्यावर आला. वर्षाचे सगळे हंगाम एकाच सकाळी बाहेर पडले होते, आणि पोत्याखाली झाकायला काही उरलं नव्हतं.

बसमधून एक बाई उतरून आली आणि डोळे विस्फारून उभी राहिली.

"अगंबाई! एवढं तुमच्याच बागेतलं?"

"माझ्याच."

"म्हणजे यंदा भरपूर आलं म्हणायचं."

"हो," वसीला म्हणाली. "भरपूर आलं."

"मग भाव थोडा कमी करा की."

वसीलानं भाव कमी केला.