ते पत्ते माझे नव्हते

ज्योत्स्नाने माफीचा मेल लिहायला नकार दिला, तेव्हा भूपेंद्रला आधी वाटलं, ती मस्करी करतेय.

"अगं, दोन ओळी तर लिहायच्यात," तो म्हणाला. "चूक झाली, पुढे काळजी घेईन. बस, मॅटर खतम."

"चूक माझी आहे की नाही तेच मला माहीत नाही, सर. मग लिहू कशी?"

"टूल सांगतंय ना! प्रोग्राम तुझ्या फंक्शनमध्ये पडला."

बुऱ्हाणपूरच्या त्या छोट्या कंपनीत केळी पिकवायच्या चेंबरचे कंट्रोलर बनत. चेंबरमधली थंडी, गॅस, पंखे, सगळं एका डब्यातला प्रोग्राम सांभाळायचा. जवळच्या बहादरपुर गावातल्या एका चेंबरमध्ये तो अचानक बंद पडला, पंखे थांबले आणि आतली केळी काळी पडली. बंद पडताना प्रोग्राम एकच खूण मागे ठेवायचा: त्या क्षणी मेमरीत तो ज्या जागी होता तिथला पत्ता, एक लांबलचक आकडा. तो आकडा कुणाच्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या कुणी लिहिलेल्या भागात, बसतो हे सांगणारं टूल टीमचा प्रमुख म्हणून भूपेंद्रनेच बनवलं होतं. टूलने नाव घेतलं ते अलार्मच्या फंक्शनचं. ते ज्योत्स्नाकडे होतं.

तिच्याआधी ते विपुलकडे होतं. मागच्या वर्षी बहादरपुरचंच चेंबर असंच बंद पडलं, टूलने अलार्मचंच नाव घेतलं, आणि विपुलने शेवटी माफीचा मेल लिहिला. तोच मेल पुढे करून त्याला काढलं. विपुल बहादरपुरचाच. धुरपदाबाईच्या पोराने गावची केळी सडवली, असं गावात झालं.

ज्योत्स्नाला खटकलं ते इथेच. विपुल गेल्यावर अलार्मची एकेक ओळ तिने नव्याने लिहिली होती. जुन्यातलं काहीच उरलं नव्हतं. मग प्रोग्राम पुन्हा तिथेच कसा पडेल?

तिने टूल बाजूला ठेवलं आणि प्रोग्रामच्या फाइलमधली डीबगची, म्हणजे चुका शोधायला ठेवलेली, माहिती थेट उघडली. कोणतं फंक्शन कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंत आहे, ते लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम बनवणारा कंपायलर त्यात नोंदवून ठेवतो. बहुतेक फंक्शनांना एक सुरुवात होती आणि एक शेवट. अलार्मला मात्र तसं काही नव्हतं. त्याच्या जागी कुठून-कुठपर्यंत सांगणाऱ्या रेंजच्या एका वेगळ्या यादीकडे बोट दाखवलं होतं. यादीतले आकडे अगदीच लहान दिसले. हे पत्ते असूच शकत नाहीत, असं वाटून ती वैतागली. मग लक्षात आलं, ही मूळ पत्त्यापासूनची अंतरं आहेत. तिने मूळ पत्ता मिळवून बेरीज केली, तेव्हा चित्र उघडलं.

अलार्मचे दोन तुकडे होते. क्वचितच चालणारा, बिघाड झाला तरच लागणारा भाग कंपायलरने उचलून पार शेवटी नेऊन टाकला होता. बंद पडल्याचा पत्ता यातल्या एकाही तुकड्यात नव्हता. तो दोन्हींच्या मध्ये होता. भूपेंद्रचं टूल पहिल्या तुकड्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट एवढंच घेत होतं, आणि मधलं सगळंच अलार्मचं समजत होतं.

"फाइल दुसऱ्या बिल्डची असेल, वेगळ्या आवृत्तीची," भूपेंद्र स्क्रीनकडे न बघताच म्हणाला.

"बहादरपुरच्या डब्यातली बिल्डची ओळख जुळवून घेतली. तीच आहे."

"मग पडला कुठे?"

"सेन्सरचं रीडिंग घेणाऱ्या फंक्शनमध्ये. ते तुमचं आहे."

भूपेंद्रने आता स्क्रीनकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ठीक आहे. तुझं नाव काढतो. अब बात मत बढा."

"आणि विपुलचं?"

"ते जुनं झालं यार."

"जुनी बिल्डसुद्धा वाचली मी. तेव्हाचा पत्ताही तुमच्याच फंक्शनमध्ये आहे. नावं निघतील तर दोघांची निघतील. माझं एकटीचं नको."

ती तशीच लॅपटॉप घेऊन मालकांच्या, प्रभाकर सरांच्या केबिनमध्ये गेली. भूपेंद्र मागोमाग आला. प्रभाकरांनी लॅपटॉप दूर सारला. "हे आकडे माझ्या डोक्यात शिरत नाहीत. साध्या भाषेत सांग."

"माझं घर शनवाऱ्याला आहे आणि एक खोली पार तिकडे लालबागला, असं समजा. म्हणून मधली सगळी घरं माझी होतात का? मागच्या वर्षी हे घर विपुलकडे होतं; मधल्या एका घरात आग लागली, आणि यांनी त्याला धरलं. आता मला धरतायत."

प्रभाकर भूपेंद्रकडे वळले. "बरोबर आहे हे?"

"टेक्निकली..."

"टेक्निकली सोड."

"बरोबर आहे, सर."

प्रभाकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सेन्सरचं आजच नीट करा. विपुलला यायचं असेल तर घेऊ परत. पण ज्योत्स्ना, हे गावात सांगत फिरायचं नाही. कंपनीची बदनामी होते."

"त्याची बदनामी गावातच झाली, सर. मी बहादरपुरला जाणार."

"कंपनीकडून नाही."

"सुट्टी टाकून जाते."

"मंजूर नाही झाली तर?"

"तरी जाते."

सुट्टी मंजूर झाली नाही, तरी शनिवारी ती रिक्षाने बहादरपुरला गेली. विपुल ओट्यावर कुणाची तरी मोटर खोलून बसला होता. तिने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्याने हात पुसले, यादी पाहिली, बेरीज स्वतः करून बघितली. पुन्हा केली.

"मी म्हणत होतो तेव्हा कुणी ऐकलं नाही," तो हळूच म्हणाला. "मग मलाच वाटायला लागलं, झाली असेल आपल्याकडून."

त्याची आई, धुरपदाबाई, दारात येऊन उभी राहिली. "काय सांगू राहिली ही?"

"तुमच्या विपुलची काहीच चूक नव्हती, काकू. कंपनीची होती."

धुरपदाबाईने पदर खोचला. "जोरात सांग, माय. समोर गजानन बसेल आहे. चेंबर त्याचंच. ऐकू जाऊ दे त्याला."

ज्योत्स्नाने जोरात सांगितलं. आजूबाजूच्या ओट्यांवरची माणसं थांबली. गजानन उठून आला, त्याने सगळं पुन्हा विचारलं, आणि शेवटी विपुलला म्हणाला, "चाल मग, एकदा चेंबर पाहून घे. आता कुणावरच भरवसा नाही राहिला."

"पाहीन," विपुल म्हणाला. "आधी मायला सांग. भर पंचायतीसमोर तू तिला जे बोलला होता, ते खोटं होतं म्हणून."

गजाननने इकडेतिकडे पाहिलं. सगळे बघत होते. "चुकलो, काकू," तो म्हणाला.

"ऐकलं," धुरपदाबाई म्हणाली. त्याला बसायला मात्र तिने सांगितलं नाही.

प्रभाकर सरांचं बोलावणं ज्योत्स्नाने सांगितलं, तरी विपुल कंपनीत परत गेला नाही. सोमवारी ज्योत्स्ना कामावर आली, तेव्हा शनिवारची तिची गैरहजेरी लागलेली होती. पुन्हा अर्ज केला तर गैरहजेरीची सुट्टी करून देऊ, असं भूपेंद्र म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि टूल दुरुस्त करायला बसली.