चाचणीची फेरी

त्याने ब्रेक असा दाबला की उभे असलेले सगळे एकमेकांवर आदळले. पहिल्या सीटवर बसलेल्या तिने मांडीवरच्या लेकीच्या कपाळापुढे हात धरला. समोरचा दांडा तिच्या बोटांना लागला, कपाळ वाचलं.

"आज पाळण्याची दोरी तुटली वाटतं," मागून एक आजोबा म्हणाले. दोघंतिघं हसले.

गाडी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याला डेपोत सगळे पाळणाच म्हणत. त्याच्या बसमध्ये रडकी पोरं झोपून जात, म्हाताऱ्यांना दांडा धरावा लागत नसे. नाव चिडवायला ठेवलेलं, पण त्याला मनातून ते आवडायचं. म्हणूनच बॅटरीवरच्या बसची चाचणी आपण मागून घेतली, असं काल जेवताना त्याने सांगितलं तेव्हा तिला भरून आलं होतं.

त्यांची खोली डेपोच्या भिंतीला लागून होती. पहाटे डिझेलच्या गाड्या नुसत्याच चालू करून ठेवत, आणि खिडकी लावून घेतली तरी फटींतून धूर आत येई. लेकीच्या छातीत शिट्टी वाजू लागली की ती उठून बसे, पोरीच्या पाठीवर हात ठेवून दर श्वास ऐकत राही. त्या धुरापायीच ती वर्षभर दारोदार हिंडली होती, सह्या मागितल्या होत्या, साहेब लोकांच्या केबिनबाहेर ताटकळली होती. तेव्हा कुठे ही एक गाडी, एका फेरीपुरती, या मार्गावर आली होती.

पुढे सिग्नल लाल दिसत होता. त्याने अगदी जवळ जाईपर्यंत वेग सोडला नाही, आणि मग पुन्हा कचकन ब्रेक.

तिला कळत होतं. गेल्या आठवड्यात प्रशिक्षणाहून आल्यावर स्वयंपाकघरात ताटली स्टिअरिंगसारखी धरून त्यानेच तर लेकीला शिकवलं होतं. या गाडीत पाय आधीच उचलायचा, मग ती आपली आपण मंदावते आणि तेवढी वीज बॅटरीत परत जाते. दाणदाण ब्रेक मारले की गेली वाया. पोरगी त्याच्यामागे "पाय उचला, पाय उचला" करत घरभर पळाली होती.

"अहो," ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "पाय उचला ना जरा आधी."

त्याने आरशातही पाहिलं नाही. बाहेर गारवा होता, तरी एसी पूर्ण सोडलेला होता.

चढणीच्या मध्यावर बॅटरी संपली आणि बस थांबली ती थांबलीच. लोक कुरकुरत उतरले. गाडीबरोबर आलेली इंजिनिअर बाई लांब जाऊन फोनवर दुसरी बस मागवू लागली. लेकीला कडेवर घेऊन ती त्याच्यापाशी गेली. आता आसपास कोणी नव्हतं.

"मुद्दाम केलंस तू."

तो टायरकडे बघत राहिला. "या गाड्या आल्या की ड्रायव्हर ठेकेदाराचे येणार. परवा मीटिंगमध्ये सांगितलं. आम्ही यार्डात गाड्या धुवायच्या."

"मला सांगायचंस ना."

"सांगून तू थांबली असतीस?"

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"त्या मॅडम तुला विचारतील," त्याने आवाज खाली आणला. "नेहमीसारखीच चालवली, एवढंच म्हण. ही गाडी तुझ्याइतकी कुणाला हवी होती? तू म्हणालीस की विषय संपला."

परवा मीटिंग. काल त्याने चाचणी मागून घेतली. आणि आज सकाळी, "तू पुढच्याच सीटवर बस, आज तुझा मान आहे." तिने ठेवणीतला ड्रेस काढला होता. तो चुरगळला होता, तिने हाताने सारखा केला.

इंजिनिअर बाई टॅब घेऊन आली. "ताई, तुम्ही रोज यांच्याच गाडीने जाता ना? आज चालवण्यात काही फरक वाटला? तसं असेल तर ही फेरी बाद धरून मी पुन्हा चाचणी मागते. नाहीतर हा मार्ग डिझेलवरच राहील. या छोटीचं शाळा-कॉलेज होईपर्यंत तरी."

"चढणच तशी आहे, मॅडम," तो हसून म्हणाला. "विचारा की हिला. हिच्यापेक्षा जास्त कोण सांगणार?"

"हिला घे जरा," ती म्हणाली. त्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि लेकीला घेतलं.

"ब्रेक मारत होते. वाटभर," ती इंजिनिअर बाईला म्हणाली. "पुन्हा मागा. ड्रायव्हर मात्र दुसरा द्या."

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

लेक त्याच्या खिशातलं पेन काढायला बघत होती, ते त्याने काढू दिलं. मग मागवलेली बस चढण चढत आली, डिझेलची, खडखडत, काळा लोट सोडत. लोक पिशव्या उचलून दाराकडे धावले. तो धुराकडे पाठ करून उभा राहिला आणि धूर विरेपर्यंत त्याने पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.