कडीचा गजरा

रंभाकाकूंच्या डोक्यावर केस ते केवढे! चांगला बॉयकट. तरी बाई रोज सकाळी वर्तकनगरच्या नाक्यावर येऊन फुलवाल्या कांताकडून मोगऱ्याचा गजरा नेणार म्हणजे नेणारच. ही तो माळते तरी कुठे, या कुतूहलाने कांताचा जीव नुसता कासावीस. विचारलं की काकू हसायच्या. त्यांना विसरण्याचा आजार, म्हणून पैसे महिनाअखेर भाचा सुदेश द्यायचा.

तो सुदेश एक दिवस तणतणत आला. "कांताताई, आत्याला यापुढे काही द्यायचं नाही. तिचं भान सुटलंय. तिच्याशी केलेला व्यवहार कायद्यात चालत नाही. काल दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसलेली! उद्यापासून मी कुलूप लावूनच कामाला जाणार."

कुलूप! जित्या माणसाला! शेजारी फुलं घेणाऱ्या जागृती वकीलबाई म्हणाल्या, "अहो, अशा माणसाला गरजेची वस्तू दिली, तर तिची किंमत त्याच्याच मालमत्तेतून मिळते. हाही कायदाच आहे."

"गजरा गरजेचा? केस तरी आहेत का तिला?" सुदेश उसळला.

तेवढ्यात काकूच आल्या, गजरा उचलला नि निघाल्या. कांताने दुसरा गजरा मुठीत घेतला, टोपली वकीलबाईंच्या गळ्यात मारली आणि निघाली मागोमाग. सुदेशही आला.

तिसऱ्या मजल्यावर चार दारं, सगळी एकाच रंगाची. काकू एकेका दाराशी थांबल्या, वाकल्या आणि चक्क कडीचा वास घेतला! मग स्वतःचंच दार सोडून वरचा जिना चढू लागल्या.

"बघा, हे असं!" सुदेश म्हणाला.

कांता मात्र काकूंच्या दाराच्या कडीकडे बघत होती. तिथे दोऱ्याचं एक टोक अडकलेलं. "इथे काय होतं हो?"

"सुकलेला कचरा. रोज बांधून ठेवते. परवा मीच काढून फेक..."

कांताने मुठीतला गजरा कडीला बांधला. काकू वरून खाली आल्या, वाकल्या, वास घेतला आणि खुशाल घरात शिरल्या. सुदेश भिंतीला टेकला, त्याला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं नाही. काकू नाक्यावर आल्या, चार पावलं मागे सुदेश. काकूंनी कांताला जवळ बोलावलं.

"अगं, त्या पोराला पण एक दे. बिचाऱ्याला घर सापडत नाही वाटतं, कधीचा माझ्या मागे फिरतोय. पैसे माझ्यातनं घे हो."

सुदेशने मुकाट्याने हात पुढे केला.