उन्हात वाढणारी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुमच्या आजोबांच्या दप्तरात असायची तसली नव्हे, माझ्यावर कुणी बाराखडी गिरवलेली नाही. मी ॲल्युमिनियमची, वेल्डिंग करून जोडलेली, जवळजवळ चार मीटर लांबीची कारखान्याची पाटी. हाम लुओंग नदीच्या काठी नारळाच्या वड्यांचा एक कारखाना आहे, त्याच्या दारावर मी बरीच वर्षं काढली. माझ्यावर 'बेन युआ' असे दोन शब्द आहेत. त्याचा अर्थ नारळघाट. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये हे मला कळतं, पण सांगायलाच हवं: नदीच्या पलीकडून येणारे नावाडी मला बघून होडी वळवायचे.

माझा जन्म झाला सहाव्या काकांच्या दुकानात. आमच्या भागात माणसाला जन्माच्या क्रमाने हाक मारतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव क्वोई आहे हे फक्त त्यांच्या बायकोला आणि सरकारला ठाऊक होतं. दुकानात लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनायच्या. काकांनी हौसेने ॲल्युमिनियम जोडायचं मशीन आणलं, पण ते चालवणार कोण? लोखंड तापलं की लाल होतं, जोडणाऱ्याला आधी सावध करतं. आमची जात तशी नाही. आम्ही रंग बदलत नाही, काही सांगत नाही, आणि एकदम वितळून खाली पडतो. दुकानातल्या दोघा कारागिरांनी दोन-चार पत्र्यांना भोकं पाडली आणि हात जोडले. मशीन वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहिलं.

ती ताडपत्री काढली दियेमने. दियेम चौतीस वर्षांची बाई. नऊ वर्षं ती त्या दुकानात दुसऱ्यांनी केलेले जोड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करत होती. दुसऱ्यांच्या चुका घासून घासून तिला जोड कसा नसावा हे चांगलंच कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे झोळ्या बांधून पडले की ती भंगारातले तुकडे घेऊन मशीनपाशी बसायची. सहा महिन्यांनी तिचा जोड नाण्यांची चळत आडवी करावी तसा सुबक दिसू लागला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कौतुक न करता परत दिला.

मग माझं काम आलं. काका तिला म्हणाले, "हे बघ दियेम, ही पाटी नीट झाली तर मशीन तुझ्या हातात. नाही झाली तर मशीन विकून टाकतो, आणि तू आपली परत ग्राइंडर धर."

"आणि नीट झाली हे ठरवणार कोण?"

"धाकटी ताई. दुसरं कोण?"

हे ऐकून दुकानातले सगळे हसले. धाकटी ताई म्हणजे वड्यांच्या कारखान्याची मालकीण. दियेम तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. साठीची बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हातात स्वतःची टेप. आता ही टेप तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडच्या टेपेवर आकड्यांच्या खाली लाल आणि काळी घरं छापलेली असतात. लाल घर शुभ, काळं अशुभ. दार असो, चूल असो की पलंग, माप लाल घरातच पडावं लागतं. घरातलं एक दार काळ्या घरात पडलं म्हणून भावाचं लग्न मोडलं, असं धाकटी मावशी शपथेवर सांगायची. भावाला विचारलं तर तो वेगळंच कारण सांगायचा, पण त्याला कुणी विचारत नसे.

मावशीला पाटी हवी होती दारावरच्या तुळईएवढी लांब. घोळ असा की तुळई जिथे संपत होती, तिथे टेपेवर लाल घर नुकतंच कुठे सुरू होत होतं. मावशीने बोट ठेवून माप दाखवलं: लाल घराच्या आत तीन मिलिमीटर. दियेमने ते माप जसंच्या तसं घेतलं आणि मला कापायला घेतलं.

मित्रांनो, ते दहा दिवस मी कधी विसरणार नाही. आधी दोन लांब नळ्या आल्या, त्या माझा कणा. मग पत्र्यातून सहा अक्षरं (आमच्या लिपीत नावाची तेवढी होतात) कापली, त्यांना कडेने पट्ट्या लावून खोली दिली. प्रत्येक जोडाआधी ती मला ब्रशने घासायची, पुसायची, मग काळ्या काचेचा मुखवटा खाली ओढायची. एका हातात ठिणगी देणारा वेल्डिंगचा टॉर्च, दुसऱ्या हातात वितळवून भरायची कांडी, आणि श्वास रोखलेला. अक्षरांच्या डोक्यावर आमच्या लिपीत चिमुकल्या खुणा असतात, त्या जोडायलाच तिला दीड दिवस लागला. पाऊसपाणी साचू नये म्हणून प्रत्येक अक्षराच्या तळाला तिने एक बारीक भोक ठेवलं. ती माझ्याशी बोलायची नाही, पण काम संपलं की हात फिरवायची. मला ते फार आवडायचं.

दहाव्या दिवशी मी पूर्ण झाले. अकराव्या दिवशी सकाळी दियेमने मला अंगणात आडवी ठेवून टेप लावली, आणि तिचा चेहरा उतरला. माप काळ्या घरात होतं. जेमतेम एक मिलिमीटर, पण काळ्यात.

तिने तीनदा मोजलं. मग काकांना बोलावलं. काकांनी चष्मा लावून मोजलं, चष्मा काढून मोजलं.

"कापताना चुकलीस?"

"नाही काका. वेल्डिंगने आखडली. लोखंड एवढं आखडत नाही. मी लोखंडाच्या हिशेबाने कापलं."

दुकानात सगळे मापून कापायचे, पण जोडून झाल्यावर कुणी मोजायचं नाही. लोखंडी फाटकांना त्याने कधी फरक पडला नव्हता. काकांनी वर पाहिलं, सूर्य नारळांच्या वर येत होता.

"ताई किती वाजता येतेय?"

"बारा."

"मग राहू दे अंगणातच. सावलीत नेऊ नकोस."

"काका?"

"तापू दे म्हटलं ना. आणि तू जरा तोंड मिटून बस."

काका अडाणी नव्हते, मित्रांनो. ॲल्युमिनियम उन्हात वाढतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी तापत गेले. दहा वाजता मी थोडी वाढले, अकराला आणखी. माझ्या अंगावर हात ठेवायची सोय उरली नाही. दियेम कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. तिला काय वाटत होतं ते मला पुरतं कळत होतं. एक शब्द न बोलता तिचं मशीन तिला मिळणार होतं, आणि मलाही दारावर जागा मिळणार होती. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, बाई, नको बोलूस.

बारा वाजता धाकटी मावशी आली. तिने काकांच्या टेपेकडे पाहिलंसुद्धा नाही, स्वतःची काढली. एक टोक दियेमला धरायला लावलं आणि दुसऱ्या टोकाशी वाकली.

"लाल," ती म्हणाली आणि टेप सटकन गुंडाळली. "सहाव्या, तुझ्या दुकानात आता माणसं कामं करायला लागली म्हणायची."

काकांनी लगेच सगळ्यांना बर्फ घातलेली काळी कॉफी मागवली. उद्या सकाळी सात ते नऊच्या मुहूर्तावर पाटी चढवायची, नैवेद्याची कोंबडी कोण शिजवणार, अगरबत्त्या कोण आणणार, सगळं ठरलं. दियेमच्या हातातला पेला तसाच भरलेला होता.

"मावशी," ती म्हणाली, "सकाळी ही काळ्यात होती."

काका घाईने म्हणाले, "ऊन लागलंय हिला. दहा दिवस मुखवट्यात बसलीय."

"काका, ऊन पाटीला लागलंय." ती मावशीकडे वळली. "मावशी, ही तापली की वाढते. आत्ता दोन मिलिमीटर वाढलीय. संध्याकाळी परत काळ्यात जाईल, आणि उद्या मुहूर्ताला चढवाल तेव्हाही काळ्यातच असेल. चूक माझी आहे."

मावशीने माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. "आणि आता?"

"दोन शब्दांच्या मधे नुसत्या दोन नळ्या आहेत. त्या कापते, थोडं अंतर वाढवते, आत तुकडा घालून परत जोडते. पाचपर्यंत होईल."

"परत आखडली तर?"

"आखडणारच. किती आखडते ते आधी भंगारातल्या नळीवर बघते."

"हे मला न सांगता गुपचूप करता आलं नसतं का गं?"

"तुम्ही कॉफी पिऊन गेला असतात, तर काकांनी करू दिलं नसतं."

मावशी हळूच काकांकडे वळली. "सहाव्या, माझ्या गोदामाचं दार तू करून दिलंस. ते कधी मोजलं होतंस रे?"

"ताई, ते लोखंडी आहे."

"कधी मोजलं होतंस?"

"दुपारी," काका म्हणाले, आणि पेल्यातला बर्फ ढवळू लागले.

मावशीने प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं आणि सावलीत बसली. "कर," ती दियेमला म्हणाली. "मी बघते."

दियेमने आधी भंगारातल्या दोन नळ्या कापून जोडल्या, गार होऊ दिल्या, मोजल्या, खडूने आकडा लिहिला. मग तिने माझा कणा कापला. दुखलं, हे लपवत नाही. पण तिने एकदम जोड ओढला नाही. या बाजूला थोडा, त्या बाजूला थोडा, मधे गार व्हायला वेळ, असं करत मला सांभाळत नेलं. शिवाय तुळईवर टांगायची माझी भोकं तिने लांबट करून ठेवली, म्हणजे उन्हात वाढले तरी मला सरकायला जागा. पाच वाजून गेले तेव्हा मावशी उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, हवा गार असताना, कारखान्याच्या दारात मला मोजलं. उकडलेली कोंबडी, चिकट भात आणि चहाचे तीन पेले मांडलेले होते, अगरबत्त्या पेटल्या होत्या, वड्या गुंडाळणाऱ्या बायका कागद हातात धरून उभ्या होत्या. मावशी वाकली.

"लाल," ती म्हणाली. "दुपारी परत बघीन."

दुपारी परत बघितलंच तिने, शिडी लावून. तेव्हाही लाल. आठवड्याभरात बाजारातल्या तिघी बायका दुकानात आल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुमच्याकडची ती खरं सांगणारी बाई कुठंय? पाटी करायचीय." काकांनी ग्राइंडर दुसऱ्या माणसाच्या हातात दिलं. मशीन विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझी चांगली वर्षं पुष्कळ होती. मावशी दर नवीन वर्षाच्या आधी मला साध्या पाण्याने धुवून घ्यायची. मग ती थकली, कारभार पुतण्याकडे गेला. धुणं थांबलं. गांधीलमाश्यांनी माझ्या तळाची भोकं मातीने बुजवली, आत पाणी साचू लागलं. एका रंगाऱ्याने मला तारेच्या ब्रशने खरवडलं, त्याचे ओरखडे अजून आहेत. शेवटी पुतण्याने रंगीत दिव्यांची, पळत्या अक्षरांची पाटी आणली आणि मला उतरवून नारळाच्या काथ्याच्या शेडमागे उभी केली. पहिल्या अक्षराच्या पोकळीत एक कोंबडी अंडी घालायची. तिची मला सोबत होती, पण वाईट वाटायचंच.

या वर्षी पुतण्याने दुकानात फोन केला: जुनी पाटी भंगाराच्या गाडीत मावत नाही, तुकडे करून द्या. दुकान आता दियेमचं आहे. तिचे केस पिकलेत. ती आली, आणि गाडीच्या मागच्या सीटवर सहाव्या काकांना घेऊन आली, कारण ते घरी कंटाळतात. त्यांना आता फारसं दिसत नाही. ते माझ्या मागच्या बाजूने हात फिरवत गेले आणि दोन शब्दांच्या मधे थांबले.

"हाच ना तो जोड?"

"हाच."

"त्या दिवशी मी तुला गप्प बसायला सांगितलं होतं."

"हो काका."

"बसली असतीस तर मी मशीन तुला दिलं असतं. पण तुझ्याकडे नीट बघायला मला कधी जमलं नसतं." त्यांनी हात जोडावरून काढला नाही. "मला लाज वाटली होती दियेम. एकोणीस वर्षं सांगायचं राहिलं. ही कापू नकोस."

"कापतेय कुठे?" दियेम म्हणाली. "ग्राइंडर आणलंच नाही मी. दोर आणलाय."

आता मी तिच्या दुकानाच्या अंगणात भिंतीवर आहे. तिने माझी भोकं मोकळी केली, कोंबडीला दुसरं खोकं दिलं. मित्रांनो, तुमच्या दारावर माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला साध्या पाण्याने धूत जा, तारेने खरवडू नका, आणि ऊन लागल्यावर सरकायला तिला जागा ठेवा. आणखी एक मागणं आहे. चार मीटरच्या पाटीत एक मिलिमीटर सहज लपतो. त्या दुपारी तो लपावा असं मलाही वाटलं होतं. दियेमने तो लपू दिला नाही, म्हणून काकांना आज माझ्यावर हात ठेवून तिच्याशी मोकळेपणी बोलता आलं. तुमचा मिलिमीटर असाच कुठे अडकला असेल, तर जाऊन सांगून टाका.