चहा पिऊन येईपर्यंत

माझा शेवट एकदा झाला आहे, मित्रांनो. टाळ्यासुद्धा वाजल्या होत्या. तरी मी, एक म्हातारी बंदूक, तुमच्याशी बोलते आहे, यातच माझी सगळी कहाणी आली.

कारखान्यात माझी नळी घडली आणि एका सुताराने मला लाकडी दस्ता बसवला. मग मी धान्यगोदामाच्या पहारेकऱ्याकडे आले. त्याने माझ्यातून कधी कुणावर गोळी झाडली नाही, पण तेलपाण्याला कधी चुकला नाही.

"माझ्या डोक्याला तेल लावायला कुणाला सवड नाही, आणि या सवतीचे लाड बघा!" त्याची बायको म्हणायची. एकदा तर रागाने तिने तापलेली इस्त्री माझ्या दस्त्यावर टेकवली. डाग पडला. पहारेकरी हसून म्हणाला, "राहू दे. घरच्या माणसाची सही आहे ती."

तो गेला आणि मी खुंटीवर राहिले. एके दिवशी घराच्या मधल्या भिंतीवरून त्याच्या दोन्ही मुलांचं भांडण पेटलं. धाकट्याने मला खाली ओढलं. मित्रांनो, चाप ओढला की आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही. थोरल्याचा गुडघा गेला.

खटला संपल्यावर पोलीस कचेरीने त्या आईला विचारलं, बंदूक परत हवी का? ती म्हणाली, "तुकडे करा हिचे. माझ्या डोळ्यांदेखत."

"मावशी, आमचा शब्द आहे," साहेब म्हणाले.

कचेरीच्या अंगणात जमा केलेल्या हत्यारांचा ढीग लागला. बाजूला भट्टी धगधगत होती. माणसं जमली होती. कापणाऱ्याने गॅसची ज्योत माझ्या नळीवर धरली आणि नळीचे दोन तुकडे झाले. टाळ्या पडल्या. म्हातारीने माझ्या डागावरून हात फिरवला. "सुटलीस गं बाई," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

"चला मावशी, चहा घ्या," म्हणून साहेब तिला आत घेऊन गेले.

नळीचे तुकडे भट्टीत गेले. मी वाट पाहत होते. पण कोठार सांभाळणाऱ्याने मला उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि पोत्यात घातलं. "पोट शाबूत आहे, चाप-घोडा सगळा," तो कुणाला तरी म्हणाला. "नळी काय, दुसरी बसते." आत कपबश्या वाजत होत्या.

दुसरी नळी बसली. अनोळखी हात आले. त्या हातांनी मला काय काय करायला लावलं, ते सगळं सांगवत नाही. शेवटी पुन्हा पकडली गेले आणि त्याच अंगणात, त्याच ढिगावर येऊन पडले.

त्या दिवशी म्हातारीही आली होती, लंगडणाऱ्या थोरल्याचा हात धरून. दुसऱ्यांचीही पीडा टळताना पाहून तिला बरं वाटायचं. ढिगाजवळ येताच तिची नजर डागावर पडली. आपली इस्त्री कोण ओळखणार नाही?

"ही तर माझी सवत," ती हळूच म्हणाली. "हिने आता कुणाला धरलं?"

साहेब नवे होते. खाली बघत म्हणाले, "औषधाच्या दुकानातली मुलगी. हात गेला तिचा."

म्हातारी माझ्याजवळ खाली बसली. मला वाटलं, आता मला शिव्या देईल. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुलाही फसवलं गं मेल्यांनी."

"मावशी, उन्हात बसू नका. आत चला, चहा घ्या."

"चहा इथं आणा. मागच्या वेळी आत जाऊन प्यायले, तर ही जिवंत राहिली." मग ती कापणाऱ्याकडे वळली. "नळीचं कौतुक नको मला, दादा. पोटापासून काप. आणि तुकडे भट्टीत जाईपर्यंत मी इथून हलणार नाही."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला तरी शब्द द्याल. तो टाळ्या पडेपर्यंतच पाळू नका. आणि कुणी तुम्हाला शब्द दिला, तर काम पुरतं होईपर्यंत जागचे उठू नका, कितीही आग्रह झाला तरी.

ज्योत आता माझ्या पोटाशी आली आहे. म्हातारीच्या हातात कप आहे. चहावर साय धरली आहे, पण तिने तो अजून ओठाला लावलेला नाही.